नैसर्गिक तंतूंच्या टाकाऊ भागातून बागेची माती कशी सुधारावी

जुनी सुती चादर, फाटलेले गोणपाट, कसर लागलेला लोकरी स्वेटर, गादीतून निघालेला काथ्या, शिवणकामातील कतरण आणि कापलेले केस या साऱ्या वस्तू मुळात वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या शरीरातून आलेल्या असतात आणि म्हणूनच त्या मातीत कुजतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र कुजते एवढ्यावरच विसंबून वाटेल ती वस्तू वाटेल तशी वाफ्यात पुरली, तर माती सुधारण्याऐवजी काही महिने तरी बिघडण्याचीच शक्यता अधिक असते. सुती चिंध्या मुळांजवळ पुरल्या की रोपे पिवळी पडतात, केसांचे पुंजके वर्षभरानंतर जवळपास जसेच्या तसे खुरप्याला लागतात आणि न धुतलेल्या काथ्याच्या भुशात टाकलेले बी उगवतच नाही. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: तंतू कशाचा बनलेला आहे याचा विचार न करता सर्वांना एकच रीत लावलेली असते.

तंतूंची दोन कुळे

कापूस, ताग, अंबाडी, जवसाच्या धाग्याचे लिनन, घायपात आणि काथ्या हे वनस्पतिजन्य तंतू होत. त्यांचा मुख्य घटक सेल्युलोज, आणि सेल्युलोजमध्ये कर्ब, हायड्रोजन व ऑक्सिजन यांखेरीज काहीही नसते. कापसाच्या तंतूत सेल्युलोजचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते, त्यामुळे ओल, ऊब आणि नत्र मिळाले की तो काही आठवड्यांतच विरू लागतो. तागात सेल्युलोजच्या जोडीला साधारण १२ ते १३ टक्के लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, असतो, तर काथ्यात हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जाते. लिग्निन फोडणे मुख्यतः काही बुरशींनाच जमते आणि तेही सावकाश. म्हणून कापूस लवकर, ताग त्यामागून आणि काथ्या काही वर्षांनी, असा कुजण्याचा क्रम लागतो.

लोकर, केस, पिसे आणि रेशीम हे प्राणिजन्य तंतू म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिने. स्वच्छ, कोरड्या लोकरीत वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास नत्र आणि ३ ते ४ टक्के गंधक असते. ओलसर शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का असते, हे लक्षात घेतले म्हणजे लोकरीच्या चिंध्या कचऱ्यात टाकणे किती अविचाराचे आहे ते कळते. अर्थात हे नत्र सहजासहजी हाती येत नाही. लोकर, केस आणि पिसे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्यातील साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात, आणि हे पूल तोडू शकणारे जिवाणू व बुरशी मातीत असल्या तरी त्यांचे काम महिनोन्‌महिने चालते. बागेच्या दृष्टीने हा दोष नसून गुण आहे, कारण नत्र एकदम सुटून पाण्याबरोबर वाहून जाण्याऐवजी हंगामभर थोडे थोडे मिळत राहते.

या दोन कुळांतील फरक मातीतील सूक्ष्मजीवांच्या गरजेतून समजून घ्यावा. त्यांच्या शरीरात नत्राच्या प्रत्येक भागामागे कर्बाचे ८ ते १० भाग असतात. शिवाय खाल्लेल्या कर्बातील निम्म्याहून अधिक ते श्वसनात खर्च करतात. त्यामुळे त्यांच्या खाद्यात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असावे लागते. कापसात हे प्रमाण शेकड्यांत जाते. असा कापूस मुळांच्या कक्षेत पुरला, की सूक्ष्मजीव उरलेले नत्र आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात आणि झाडाची खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. हे नत्र कायमचे नष्ट होत नाही, सूक्ष्मजीव मेल्यावर ते परत मिळते. पण तोवर हंगाम निघून गेलेला असतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की अतिशय सावकाश कुजणारा काथ्या सोडला, तर वनस्पतिजन्य तंतू कच्चे असताना मातीच्या पोटात कधीही घालू नयेत. त्यांची जागा कंपोस्टच्या ढिगात किंवा मातीच्या पृष्ठभागावर आहे.

आधी पारख, मग वापर

बाजारातील बऱ्याच कापडांत नैसर्गिक धाग्याबरोबर पॉलिएस्टर, नायलॉन किंवा ॲक्रिलिक मिसळलेले असते. असे कापड मातीत घातले तर कापूस कुजून जातो आणि प्लॅस्टिकचे बारीक तंतू मागे राहतात, जे पुन्हा वेचून काढणे केवळ अशक्य असते. कपड्यावरची पट्टी शाबूत असेल तर ती वाचावी. नसेल तर जाळून पाहण्याची जुनी परीक्षा आजही उत्तम उपयोगी पडते.

कापडाच्या कडेचे चार-पाच धागे उसवून चिमट्यात धरावेत, खाली पाण्याची थाळी ठेवावी आणि धाग्यांचे टोक ज्योतीजवळ न्यावे. कापूस, ताग किंवा लिनन असेल तर धागा ज्योतीपासून आक्रसून मागे सरत नाही, लगेच पेट घेतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि फुंकर मारताच उडावी इतकी हलकी राखाडी राख उरते. लोकर किंवा रेशीम असेल तर धागा नाखुशीने जळतो, ज्योत दूर केली की बहुधा विझतो, केस जळल्याचा उग्र वास येतो आणि टोकाशी जी काळी गाठ होते ती चिमटीत दाबताच भुगा होते. कृत्रिम धागा मात्र आधी वितळून आत वळतो, त्याचे थेंब पडतात आणि निवल्यावर मण्यासारखी टणक गोळी राहते, जी नखानेही फुटत नाही. वास कागदाचा आला, पण गोळीही टणक झाली, तर ते मिश्र कापड समजून बाजूला काढावे. ताणा आणि बाणा वेगवेगळ्या धाग्यांचे असू शकतात, म्हणून दोन्ही दिशांचे धागे तपासणे आवश्यक आहे.

शुद्ध सुती कपड्यातही शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. त्यामुळे शिवणी, काठ, इलॅस्टिक, चेन, गुंड्या, पट्ट्या आणि रबरी छपाई कापून टाकावी. कडेने बोटभर कापड गेले तरी चालेल. आग न लागणारे, सुरकुत्या न पडणारे किंवा पाणी न धरणारे म्हणून विकले गेलेले कापड, तसेच रंग, वंगण, जंतुनाशक किंवा सफाईची रसायने पुसलेल्या चिंध्या खाण्याच्या भाज्यांच्या मातीसाठी अजिबात घेऊ नयेत. यंत्रात सहज धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीवर बहुधा प्लॅस्टिकचा सूक्ष्म लेप असतो, तेव्हा तीही टाळावी. कपडे वाळवण्याच्या यंत्रात साठणारा तंतूंचा गाळ आणि घरातील केराचे पुंजके दिसायला कापसासारखे असले, तरी त्यांत कृत्रिम धागे हमखास असतात.

गोणपाटाच्या बाबतीत एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ताग कातताना तो मऊ पडावा म्हणून त्याला तेल लावतात, आणि साध्या गोण्यांसाठी हे तेल खनिज असू शकते. धान्य व कॉफीसारख्या मालासाठी बनवलेल्या गोण्यांत वनस्पतिजन्य तेल वापरण्याची पद्धत आहे, म्हणून अशा गोण्यांना पसंती द्यावी. रॉकेलसारखा वास येणारी गोणी फुलझाडांच्या वाटांवर अंथरावी, भाजीच्या वाफ्यात नको.

वनस्पतिजन्य तंतूंचे कंपोस्ट

सुती कापड किंवा गोणपाट बोटाच्या दोन-तीन पेरांएवढे तुकडे करून वापरावे. मोठे तुकडे ढिगात ओले होऊन एकमेकांना चिकटतात, त्यांच्या घड्यांत हवा शिरत नाही आणि आत आंबूस वासाचा चिखल होतो. सुतळी आणि दोऱ्या उलगडून त्यांचे लहान तुकडे करावेत. लांब धागे उघड्यावर राहू नयेत याची विशेष काळजी घ्यावी, कारण ते पक्ष्यांच्या पायांत गुंततात आणि बोटे आवळली जाऊन झडतात.

तुकडे कोरडेच ढिगात टाकण्याऐवजी आधी पाण्यात बुडवून पिळून घ्यावेत. त्यानंतर तुकड्यांचा चार बोटे जाडीचा थर, त्यावर ताजे गवत, शेंगवर्गीय झाडांचा पाला किंवा शेण असा दुप्पट जाडीचा थर आणि वर मूठभर जुने कंपोस्ट, असे थर लावत जावे. ढीग लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी निदान एक मीटर असेल तरच त्यात ऊब टिकते. मूठभर माल हातात घेऊन दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब निघावा, इतकी ओल राखावी. दोन-तीन आठवड्यांनी ढीग उलथून बाहेरचा माल आत घ्यावा. कोरडे, पांढरे राहिलेले तुकडे याच वेळी सापडतात आणि ते पुन्हा भिजवता येतात.

या ढिगात लोकर मिसळली तर दोन्ही कुळांची उणीव परस्पर भरून निघते, आणि मला या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. हिशेब असा मांडता येतो. १० किलो कोरड्या सुती कापडात सुमारे ४ किलो कर्ब असतो आणि नत्र नगण्य. त्यात १ किलो धुतलेली लोकर घातली, तर तिच्यातून अर्धा किलो कर्ब आणि सुमारे १५० ग्रॅम नत्र येते. म्हणजे एकूण प्रमाण ३० ला १ होते. न धुतलेल्या लोकरीत चरबी, घाम आणि मातीचे वजन असल्याने नत्र १० टक्क्यांच्या आसपास धरावे, आणि मग १ किलो लोकरीला ६ किलो कापड पुरे. मात्र कागदावर जमलेला हा हिशेब ढिगात जसाच्या तसा उतरत नाही, कारण कापूस भराभर कुजतो आणि लोकर रेंगाळते. सुरुवातीच्या आठवड्यांतील नत्राची गरज भागवण्यासाठी ताजा हिरवा पाला किंवा शेण घालावेच लागते. यांपैकी काहीच उपलब्ध नसेल, तर १० किलो सुती कापडामागे सुमारे ३०० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून दोन-तीन हप्त्यांत शिंपडला तरी काम होते.

कंपोस्ट तयार झाल्याची खूण म्हणजे कापडाची वीण ओळखू येत नाही आणि बोटांनी चोळल्यावर धागा तुटून मातकट भुगा होतो. काही तुकडे तसेच राहिले तर चाळून पुढच्या ढिगात टाकावेत.

लोकर, केस आणि पिसे

लोकरीचा खत म्हणून वापर नवीन नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात जुन्या लोकरी चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आला, आणि त्या गिरण्यांतील टाकाऊ लोकर वेकफील्डच्या आसपासचे शेतकरी रुबार्ब या बहुवर्षायू पिकाला घालू लागले. दीर्घकाळ एकाच जागी राहणाऱ्या, सतत नत्र मागणाऱ्या पिकाला सावकाश सुटणारे खत मानवते, हा धडा आजच्या बागेलाही लागू पडतो. फळझाडे, गुलाब आणि वेली यांना लोकर द्यावी. महिन्याभरात निघणाऱ्या पालेभाजीला तिचा उपयोग होण्याआधीच पीक निघून जाते.

प्रमाणाचा अंदाज असा, की १ चौरस मीटरला १०० ग्रॅम कच्ची लोकर घातली तर साधारण १० ग्रॅम नत्र पडते. बहुतेक बहुवर्षायू झाडांना वर्षाला एवढे पुरेसे असते, आणि त्याहून अधिक घालण्यात हशील नाही. लोकर हाताने पिंजून मोकळी करावी, स्वेटर असेल तर उसवून किंवा बारीक कातरून घ्यावा. कोरडी, लॅनोलिनयुक्त (म्हणजे नैसर्गिक चरबी असलेली) लोकर पाणी झटकते आणि मातीत घातल्यावरही महिनोन्‌महिने कोरडीच राहू शकते, म्हणून ती साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. नंतर खोडापासून वीतभर अंतर सोडून वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत पसरून मिसळावी आणि वरून मातीचा किंवा पाल्याचा थर द्यावा. नवीन झाड लावताना खड्ड्याच्या तळाशी लोकरीचा गोळा कोंबण्याची पद्धत काहींना आवडते. परंतु दाबलेला गोळा ओला झाला की हवेविना सडतो आणि कोवळ्या मुळांना त्याचा त्रास होतो. लोकर नेहमी मातीत पांगलेलीच असावी.

केसांचीही रीत हीच, फक्त केस अधिक चिवट असतात आणि जाड थरात टाकले की त्यांचा नमदा बनतो, ज्यातून पाणीही नीट झिरपत नाही. त्यांचे बोटभर तुकडे करावेत आणि ते शक्यतो कंपोस्टमधूनच मातीत आणावेत. रंगवलेले किंवा रसायनांनी सरळ केलेले केस वगळावेत. पिसे भिजवून, तुकडे करून ढिगात घालावीत. रेशमाच्या कतरणीत गंधकाचे पूल जवळजवळ नसतात, पण तिची वीण घट्ट असते, त्यामुळे तीही उसवून टाकलेली बरी.

कच्ची लोकर हाताळताना दोन धोके ओळखून असावेत. पहिला, मेंढ्यांना उवा-गोचिडांसाठी औषधात बुडवलेले असल्यास त्याचा अंश लोकरीत उतरतो. कळप कोणाचा आणि औषध केव्हा दिले हे विचारावे. दुसरा धोका दुर्मिळ पण गंभीर आहे: काळपुळी अर्थात अँथ्रॅक्सचे बीजाणू लोकरीत आणि बकऱ्यांच्या केसांत टिकून राहू शकतात, आणि एकोणिसाव्या शतकात ब्रॅडफर्डच्या लोकर कामगारांत हा रोग श्वासावाटे पसरत असे. जिथे जनावरांत हा रोग आढळतो तिथली, अनोळखी कळपातील कच्ची लोकर घेऊच नये. एरवीही हातमोजे आणि तोंडाला पट्टी वापरावी. काही देशांत न धुतलेल्या लोकरीला प्राणिजन्य उपपदार्थांचे नियम लागू होतात, ते पाहून घ्यावेत.

तणांचे बीदेखील लोकरीतून येते. स्कॉटलंडमधील ट्वीड नदीच्या काठी गिरण्यांतील लोकर धुतल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर परदेशी बिया पसरल्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना तिथे ३०० हून अधिक परक्या जाती आढळल्या. काटेरी बोंडे अडकलेली लोकर थेट वाफ्यात न घालता, आतील तापमान काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहील अशा ढिगातून न्यावी.

काथ्या आणि त्याचा भुसा

काथ्याचे लांब तंतू आणि तंतू काढताना पडणारा भुसा यांचा उपयोग अन्नद्रव्यांसाठी नसून पोत सुधारण्यासाठी आहे. भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, त्यामुळे वाळूसर जमिनीत ओल टिकते. तंतू चिकणमातीत हवेच्या वाटा मोकळ्या ठेवतात आणि अशा जमिनीला पावसानंतर वाफसा लवकर येतो. मात्र नारळाच्या सोडणांत मुळातच पालाश, सोडियम आणि क्लोराइड भरपूर असते, आणि ती खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर क्षार आणखी वाढतात. भुसा पाण्यात भिजवून, निथळून, पुन्हा भिजवावा आणि निघणारे पाणी तांबूस न राहता फिकट होईपर्यंत हे करावे. फिकट पाणी म्हणजे क्षार गेलेच असे नव्हे, म्हणून क्षारमापक नसल्यास एका कुंडीत हा भुसा आणि दुसरीत नेहमीची माती घेऊन दोन्हींत मुळ्याचे सारखे बी टाकावे. आठवड्याभरात भुशातली उगवण कमी दिसली किंवा पानांच्या कडा करपल्या, तर आणखी एक-दोनदा धुवावे.

कुंडीच्या मिश्रणात भुसा एक तृतीयांशापेक्षा अधिक घालू नये आणि जोडीला कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे. धुतलेल्या भुशातही सोडियम व पालाश कणांना धरून बसतात आणि झाडाला कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी पडू शकते, तेव्हा कॅल्शियमसाठी मिश्रणात थोडा जिप्सम मिसळणे हिताचे ठरते.

आच्छादन म्हणून

ज्यांच्याकडे कंपोस्टच्या ढिगाला जागा नाही, त्यांनी हे तंतू मातीवर अंथरावेत. पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा तंतूशी संपर्क फक्त खालच्या बाजूने येतो, त्यामुळे नत्राची ओढाताण वरच्या पातळ थरापुरतीच राहते आणि खोल मुळांना तिची झळ लागत नाही. गोणपाट एकपदरी, लोकर पिंजून तीन ते पाच सेंटिमीटर, काथ्या तेवढ्याच जाडीचा असावा; सुती कापड पसरल्यास त्यावर पाला टाकावा, नाहीतर ते वाळून आक्रसते आणि पाणी कडेने वाहून जाते. आच्छादन घालण्यापूर्वी माती पोटभर भिजवावी आणि थर खोडाला टेकू देऊ नये. काही आठवड्यांनी गोणपाटाचा कोपरा उचलून पाहिला तर खालची माती गार, काळसर आणि भुसभुशीत दिसते, बुरशीचे पांढरे धागे गोणपाटाच्या विणीतून मातीत उतरलेले असतात आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या कापडाच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या असतात. माती सुधारते ती याच थरात.

मातीचा जोम तपासण्यासाठी

तंतू कुजवण्याची मातीची ताकद किती आहे, हे तंतूंच्याच साहाय्याने कळते. एकाच न रंगवलेल्या, शंभर टक्के सुती कापडाचे तळहाताएवढे तुकडे कापून, प्रत्येकाला टिकाऊ रंगीत दोरी बांधून, बागेच्या वेगवेगळ्या भागांत १५ सेंटिमीटरपर्यंत उभे पुरावेत आणि दोन महिन्यांनी अलगद काढावेत. कापडाची जाळी झाली असेल तर तिथली माती जिवंत आहे आणि ती नवीन तंतू सहज पचवेल. तुकडा जवळपास अखंड निघाला, तर आणखी तंतू घालण्याआधी कारण शोधावे. माती कोरडी असल्यास आच्छादन आणि पाणी द्यावे. तुकडा काळा पडून त्याला सडका वास येत असेल तर पाण्याचा निचरा सुधारावा. ओल योग्य असूनही कापड तसेच राहिले, तर त्या वाफ्यात आधी कुजलेले कंपोस्ट घालून पुढच्या हंगामात हीच परीक्षा पुन्हा करावी.